निद्रादेवीची आराधना

महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागर नावाचे एक उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे जागरण. विदुरनीती म्हणून जो भाग घरोघर वाचला जातो तो येथलाच; पण ही नीती सांगण्याचा प्रसंग कसा आला, याकडे वाचणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. पांडवांकडे गेलेला संजय रात्री हस्तिनापुरास परत आलेला असतो. तो धृतराष्ट्राला दोन कठोर शब्द सुनावतो, युधिष्ठिराचे म्हणणे उद्या सभेत सांगेन असे म्हणतो आणि रथाच्या प्रवासाने थकलो आहे म्हणून निजावयास निघून जातो. इकडे राजाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तो विदुराला बोलावून घेतो आणि सांगतो की, संजय उद्या काय बोलणार हे कळत नाही, त्यामुळे अंगाची नुसती आग होत आहे. विदुर उत्तरादाखल झोप कोणाकोणाला येत नाही हे सांगतो: बलवानाने गाठलेला दुर्बळ, सर्वस्व गमावलेला, कामी, चोर. आणि यांपैकी कोणत्या दोषाने तुम्हांला गाठले आहे, असे तो राजाला विचारतो.

येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. बातमी बरी की वाईट हे ज्याला ठाऊक आहे तो संजय झोपला आहे, आणि ज्याला ते ठाऊक नाही तो जागा आहे. राजाला जाळते आहे ते संकट नव्हे. संकटाची वाट पाहणे त्याला जाळते आहे.

जवळजवळ असाच प्रसंग १९८२ साली ग्रॉस आणि बोर्कोव्हेक या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत उभा केला. ज्यांना एरवी उत्तम झोप लागते अशा तरुणांना त्यांनी दिवसा एका खोलीत निजावयास सांगितले. काहींना नुसते ‘झोपा’ म्हटले. काहींना मात्र जाता जाता असे सांगितले की, उठल्यावर तुम्हांला छोटेसे भाषण करावयाचे आहे आणि त्याचा विषय अमुक अमुक आहे. या दुसऱ्या मंडळींना झोप लागावयास बराच अधिक वेळ लागला. त्यांना कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते, की काही दुखतखुपत नव्हते. डोक्यात एक भाषण सोडून दिले होते, एवढेच.

विचाराने झोप उडते हे सांगावयास प्रयोगशाळा कशाला हवी, असे कोणी म्हणेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिनिद्रा घालविण्याचे उपाय सांगताना भय, चिंता आणि क्रोध यांना वमन-विरेचनाच्या पंक्तीला बसविले आहे, आणि लगेच पुढे निद्रानाशाचे हेतूही हेच, असे सांगितले आहे. झोप आणणाऱ्या गोष्टींतही अभ्यंग, स्नान, दूध यांच्या जोडीला मनाचे सुख मोजलेले आहे. तेव्हा ही माहिती जुनीच. विसाव्या शतकाने त्यात भर घातली ती दोन बाबतींत. हा परिणाम शरीरात कोणत्या वाटेने होतो, हे बरेचसे उलगडले. आणि तात्पुरते जागरण कायमच्या निद्रानाशात कसे मुरते, याचा छडा लागला.

पहिली गोष्ट थोडक्यात सांगता येईल. झोप म्हणजे मेंदूचा दिवा आपोआप मालवणे, अशी पूर्वी समजूत होती. बाहेरचे आवाज, उजेड, स्पर्श थांबले की मेंदू झोपी जातो, असे मानीत. १९४९ साली मोरुत्झी आणि मगून या दोन शास्त्रज्ञांनी मांजरावर प्रयोग करून दाखविले की, मेंदूच्या देठात मज्जापेशींचे एक जाळे आहे आणि ते चेतविले की मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरील झोपेची छाप पुसून जागेपणाची उमटते. म्हणजे जागेपणा ही नुसती झोपेची उणीव नव्हे; ते एक स्वतंत्र, चालू ठेवावे लागणारे काम आहे. त्या जाळ्याला बाहेरचा आवाज जसा हलवितो, तसा आतून आलेला विचारही हलवितो. खिडक्या लावून घेतल्या, दिवा मालविला, तरी ही आतली घंटा बंद होत नाही. पुढे १९८२ साली बोर्बेली यांनी झोपेचे गणित मांडले. जागेपणाच्या तासांबरोबर झोपेची ओढ साठत जाते, आणि शरीरातील चोवीस तासांचे घड्याळ तिला वेळ नेमून देते, असा त्याचा गाभा. निद्रानाश झालेल्या पुष्कळ माणसांत ही ओढ पुरेशी साठलेली असते. तिच्या विरुद्ध बाजूने कोणीतरी दार लावून धरलेले असते.

ते शरीराने धरलेले असते की मनाने? १९६७ साली मन्रो यांनी चांगले झोपणारे आणि वाईट झोपणारे यांची रात्रभर तपासणी केली, तेव्हा वाईट झोपणाऱ्यांचे शरीराचे तापमान अधिक आढळले. पुढे २००४ साली पिट्सबर्ग येथील नोफ्झिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रे घेतली. जागेपणाकडून झोपेकडे जाताना मेंदूचा जो खर्च उतरावयास हवा, तो निद्रानाशाच्या रुग्णांत पुरता उतरत नाही, असे त्यांत दिसले. आणखी एक साधा पुरावा आहे. ज्याला झोप मिळालेली नाही तो माणूस लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या डुलक्या घेतो. निद्रानाशाच्या रोग्याला दुपारी अंधाऱ्या खोलीत निजविले तरी तो चटकन झोपी जात नाही. तो थकलेला असतो, डोळे चुरचुरत असतात, पण पेंगत नसतो. एवढ्यावरून हे कळावे की, ही केवळ रात्रीची तक्रार नव्हे. दिवसाही कंदिलाची वात वर चढविलेलीच राहिलेली आहे. रोग्यांना स्वतःला विचारले तर मात्र ते अंगाच्या ताणाचे नाव क्वचित घेतात. लिक्स्टाइन आणि रोझेंथल यांनी १९८० साली अशी विचारणा केली, तेव्हा फार मोठ्या बहुसंख्येने मनालाच जबाबदार धरले. छाती धडधडते म्हणणारे थोडे. ‘डोके बंद होत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

आता दुसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कचेरीतील हेडक्लार्क कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. माणूस नेकीचा, पण मुळात काळजीखोर. दाराला कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहणारा. कचेरीत ऑडिट येते. दहा वर्षांपूर्वीच्या एका व्हाउचरवर सही सापडत नाही. त्या आठवड्यात त्याची झोप उडते, आणि यात नवल काहीच नाही. न उडती तरच नवल. पुढे सही सापडते, ऑडिटवाले चहा पिऊन निघून जातात, आक्षेप मिटतो. झोप मात्र परत येत नाही. तीन महिन्यांनंतर हा गृहस्थ अंथरुणावर कूस बदलीत असतो आणि त्याच्या मनात व्हाउचर नसतेच. त्याच्या मनात असते झोप. ‘साडेबारा झाले. आता लागली तरी पाचच तास. उद्या साहेबांपुढे आकडे चुकले तर?’ शेजारून बायको विचारते, “अहो, झोपलात का?” तो म्हणतो, “हो.”

स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली या साऱ्या प्रकाराची तीन पदरांत उकल केली. मुळातला काळजीखोर स्वभाव ही जमीन. ऑडिट ही ठिणगी. पण ठिणगी विझल्यावरही जे धुमसत राहते त्याला सरपण तिसरेच असते, आणि ते माणूस स्वतःच पुरवीत असतो. आमचा हेडक्लार्क आता झोपेची भरपाई करावी म्हणून रात्री नवालाच अंथरूण धरतो. रविवारी दहापर्यंत पडून राहतो. दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटतो. सायंकाळी देवळात जाणे, मित्रांकडे पत्त्यांचा डाव टाकणे त्याने दगदग नको म्हणून सोडले आहे. यातील प्रत्येक गोष्ट शहाणपणाची दिसते आणि प्रत्येकीने रात्रीची ओढ कमी होते. सात तासांची झोप दहा तासांच्या अंथरुणावर पसरली की ती जागोजाग विरणारच.

या सरपणात सर्वांत मोठा ओंडका कोणता, हे अॅलिसन हार्वे यांनी २००२ साली, ऑक्सफर्डला असताना, मोठ्या बारकाईने दाखविले. झोप न येण्याची काळजी लागली की मन पहाऱ्यावर बसते. झोप आली का, येऊ लागली का, हृदय जोरात चालते आहे का, शेजारचा नळ गळतो आहे का, अशी टेहळणी सुरू होते. पहारेकऱ्याचे काम जागण्याचे. जो झोपेवर पहारा करतो त्याला झोप कशी लागावी? आणि टेहळणी करणाऱ्याला काही ना काही सापडतेच. सापडले की काळजी वाढते आणि पहारा दुप्पट होतो. दिवसाही तेच. चारचौघांना दुपारी येणारी साधी मरगळ याला ‘रात्रीचा परिणाम’ वाटते. घड्याळ तर या पहाऱ्याचे हत्यारच. हार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली निद्रानाशाच्या रुग्णांपैकी काहींच्या उशाशी घड्याळ ठेवले आणि काहींच्या उशाशी तसेच आकडे दाखविणारे, पण वेळ न सांगणारे यंत्र. दोघांनाही आकड्यांकडे लक्ष ठेवण्यास सांगितले होते. घड्याळवाल्यांची काळजी अधिक वाढली आणि त्यांना झोपही उशिरा लागली. आता ते घड्याळ मोबाईलमध्ये शिरले आहे. त्याच्या उजेडाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु रात्री दोन वाजता वेळ पाहावयास गेलेल्या माणसाला तेथे कचेरीचा निरोपही दिसतो, हे त्या उजेडाहून वाईट असावे.

या पहाऱ्याचा आणखी एक विचित्र परिणाम आहे. १९७६ साली स्टॅनफर्ड येथे मेरी कार्स्काडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक निद्रानाशाच्या रुग्णांची झोप यंत्रांवर नोंदविली आणि सकाळी त्यांना त्यांचा स्वतःचा अंदाज विचारला. बहुतेकांनी झोप लागण्यास यंत्राने दाखविल्यापेक्षा अधिक वेळ लागला असे सांगितले, आणि एकूण झोप कमी सांगितली. ‘रात्रभर डोळा मिटला नाही’ म्हणणारा माणूस पुष्कळदा काही तास झोपलेला असतो. हे ऐकून घरातली माणसे म्हणतात, “बघा, घोरत तर होता!” ही थट्टा अन्यायाची आहे. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या मेंदूत झोपेच्या लहरींबरोबरच जागेपणाच्या जलद लहरीही मिसळलेल्या असतात, असे पुढील संशोधनात दिसून आले आहे. झोपेत असतानाही आतला एक कान उघडा राहावा, तसे काहीसे. पण तो खोटा नसला तरी त्याचा हिशेब चुकीचा आहे, आणि या चुकीच्या हिशेबावर तो पुढची सारी भीती उभारतो, हेही तितकेच खरे. योग्य वेळी, योग्य शब्दांत हे त्याला कळले तर त्यासारखे औषध नाही. “सगळे तुझ्या मनाचे खेळ” हे ते योग्य शब्द नव्हेत.

मराठी भाषेने या बाबतीत एक मार्मिक भेद जपून ठेवला आहे. माणूस जेवतो, चालतो, लिहितो. पण झोप त्याला ‘लागते’, किंवा ‘येते’. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तशी. या वाक्यांत कर्तेपण माणसाकडे नाही. अंथरुणावर आडवे होणे त्याच्या हातचे, झोप त्याच्या हातची नाही. स्कॉटलंडमधील कॉलिन एस्पी यांनी २००६ साली नेमके हेच शास्त्राच्या भाषेत सांगितले. चांगला झोपणारा माणूस झोपण्यासाठी काहीही करीत नाही. त्याला विचारले तर त्याला सांगताही येत नाही. वाईट झोपणारा मात्र झोपेकडे लक्ष देतो, तिचा संकल्प करतो आणि मग प्रयत्न करतो. या तीन पायऱ्या चढल्या की झोप हाती लागत नाही. निद्रादेवीची आराधना असा शब्दप्रयोग आपल्याकडे आहे. ही एकच देवता अशी असावी की, जी आराधना चालू असेपर्यंत गाभाऱ्यात पाऊल टाकीत नाही.

विचार हाकलून देण्याचा प्रयत्नही असाच फसतो. औषध घेताना माकड आठवू नकोस, असे वैद्याने सांगितले आणि रोग्याला दर घोटाला माकड दिसू लागले, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली आहे. १९८७ साली वेग्नर यांनी हाच प्रयोग माकडाऐवजी पांढरे अस्वल घेऊन केला आणि तोच निकाल आला. उलट, व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रँकल यांचा उपाय पाहावा. झोपेची भीती वाटणाऱ्याला ते म्हणत की, झोपण्याचा प्रयत्न सोडा, जागे राहण्याचा करा. १९७८ साली अॅशर आणि एफ्रन यांनी इतर उपायांना न जुमानणाऱ्या मोजक्या रुग्णांवर याची परीक्षा घेतली आणि त्यांना झोप लवकर लागू लागली. रुग्ण मोजके होते आणि हा उपाय सर्वांना लागू पडतो असेही नाही. पण त्यामागचे तत्त्व स्पष्ट आहे: ज्याला जागेच राहावयाचे आहे त्याला पहाऱ्याचे कारणच उरत नाही.

झोप न येण्याचे मूळ प्रत्येक वेळी काळजीतच असते असे नाही, हे येथे बजावून सांगितले पाहिजे. दमा, संधिवाताचे दुखणे, झोपेत श्वास अडकणे, काही औषधे यांनीही झोप मोडते. आणि पहाटे तीनला जाग येऊन जगण्यातले स्वारस्यच गेल्यासारखे वाटत असेल, तर ते मनाच्या एका गंभीर आजाराचे लक्षण असू शकते. तेथे डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करणे धोक्याचे. गोळीविषयी मत द्यावयाचे तर असे: एखाद्या आकांताच्या आठवड्यात ती उपयोगी पडते, पण ती सवयीची होऊ शकते, आणि एकदम सोडली की झोप पूर्वीपेक्षाही बिघडते, मग रोगी म्हणतो, “पाहा, गोळीशिवाय माझे चालत नाही.” अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी नव्हे, तर विचार आणि सवयी बदलणारी मानसोपचार पद्धतीच सुचविली.

त्या पद्धतीतील काही गोष्टी अगदी साध्या आहेत. बोर्कोव्हेक यांनी १९८३ साली असे सुचविले की, काळजीला दिवसा अर्धा तास नेमून द्यावा, ठरावीक जागी बसून मनसोक्त काळजी करावी, आणि अवेळी आलेल्या काळजीला उद्याच्या त्या वेळेला बोलवावे. कचेरीत भेटीस येणाऱ्यांना वेळ नेमून देतात तसेच हे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात २०१८ साली स्कलिन यांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग केला. अर्ध्या मंडळींनी निजण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांत करावयाच्या कामांची यादी लिहिली, अर्ध्यांनी केलेल्या कामांची. करावयाची कामे लिहिणाऱ्यांना झोप सुमारे नऊ मिनिटे लवकर लागली, आणि ज्याची यादी अधिक तपशीलवार त्याला आणखी लवकर. नऊ मिनिटे म्हणजे फार नव्हेत. पण कागदावर उतरलेले काम डोक्यात धरून ठेवावे लागत नाही, हे कोणत्याही कारकुनाला पटेल.

सर्वांत जुना आणि अजूनही टिकून राहिलेला नियम बूटझिन यांचा, १९७२ सालचा. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे. अंथरुणावर वाचन, हिशेब, भांडण काही करू नये. झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि झोप आली म्हणजे परत यावे. सकाळी मात्र ठरल्या वेळी उठावे. यातील हेतू असा की, अंथरूण आणि तळमळ यांची जी गाठ बसलेली आहे ती सुटावी. पूर्वी आपल्या घरांत अंथरूण रात्री घालीत आणि सकाळी गुंडाळून ठेवीत. त्यावर दिवसा दुसरे काही करण्याची सोयच नव्हती, आणि नकळत हा नियम पाळला जात होता. पलंग आला तेव्हापासून तो बसण्याचा कोच, मुलांचे अभ्यासाचे टेबल आणि आता मोबाईल पाहण्याची जागा झाला आहे.

‘दुसऱ्या खोलीत जावे’ हे मात्र अमेरिकेत लिहिलेले वाक्य आहे, हे वाचताक्षणी कळते. गिरगावातल्या एका खोलीत जेथे सहा माणसे ओळीने निजतात, तेथे रात्री एकाने दिवा लावला तर सहाही उठतील. चाळीतला माणूस फार तर बाहेर गॅलरीत जाऊन कठड्याला टेकेल, आणि पावसाळ्यात तेही नाही. सुदैवाने या नियमाचा एक सौम्य प्रकारही तपासला गेला आहे. १९७९ साली झालेल्या एका प्रयोगात काहींना उठून जाण्याऐवजी अंथरुणावरच उठून बसावयास आणि वाचन वगैरे काही करावयास सांगितले होते, आणि त्यांनाही तितकाच गुण आला. तेव्हा ज्याला दुसरी खोली नाही त्याने भिंतीला पाठ लावून बसावे, हातात जपमाळ घ्यावी किंवा मंद दिव्यात एखादे परिचित पुस्तक घ्यावे, आणि मान आपोआप पुढे पडू लागेपर्यंत आडवे होऊ नये.